सी टाइम कुठून मोजतात?

बोटीवर जाणाऱ्या पोरांना इंडॉस (खलाशाचा नोंदणी क्रमांक), सीडीसी (जहाजावरच्या नोकरीची नोंद होते ते पुस्तक), मेडिकल सगळं तोंडपाठ असतं, त्यामुळे ते सोडून देतो. घोळ होतो तो सी टाइमचा, म्हणजे परीक्षेसाठी धरल्या जाणाऱ्या जहाजावरच्या दिवसांचा.

डीएनएस (डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स) केलेल्या डेक कॅडेटला, म्हणजे शिकाऊ अधिकाऱ्याला, सेकंड मेटच्या (पहिल्या अधिकारीपदाच्या) परीक्षेसाठी १८ महिने सी टाइम लागतो. हे महिने घर सोडल्यापासून मोजत नाहीत, विमानात बसल्यापासून नाही, करारावरच्या तारखेपासूनही नाही. साइन ऑन (जहाजावर रुजू होणं) ते साइन ऑफ (जहाज सोडणं), बस्स. समजा ३ एप्रिलला मुंबईहून निघालात, जहाज यूएईतल्या फुजैराच्या अँकरेजवर (नांगर टाकून थांबायच्या जागी) उशिरा आलं आणि २० तारखेला लाँचमधून वर चढलात. सीडीसीत २० एप्रिलच पडणार. हॉटेलातले दिवस शून्य. सुट्टी शून्य, मग कंपनी तिचा पगार देत असली तरी. माझ्या एजंटाने ‘सगळं धरतात रे’ म्हणून मला गप्प बसवलं होतं. अर्जाच्या वेळी दिवस कमी भरले, आणि तेवढ्यासाठी पुन्हा जहाज शोधत वणवण करावी लागली.

आणखी एक. एसटीसीडब्ल्यूप्रमाणे (खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार) या काळात निदान सहा महिने ब्रिजवर (जहाज चालवतात तिथे) देखरेखीखाली वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, झालेला असावा लागतो. नुसतं चिपिंग-पेंटिंग (गंज खरवडून रंग देणं) करून भागत नाही. पण डेकचं काम शिकायचं तर बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, मागे फिरा. चार पट्ट्यांवाल्या कॅप्टनांपेक्षा तो जास्त शिकवतो, हे माझं ठाम मत. टार बुक (कॅडेटच्या प्रशिक्षणाची नोंदवही) दर आठवड्याला भरा. ‘शेवटी एकदम सह्या करू’ म्हणणारा चीफ ऑफिसर तुमच्याआधीच साइन ऑफ होऊन घरी गेलेला असतो.

सी टाइम विकत देणारे भेटतील, त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. नोकरी लावण्याचे पैसे खलाशाकडून घेणं एमएलसी २००६ (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) प्रमाणे चालत नाही. एजंटाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) नंबर डीजी शिपिंगच्या (सरकारी जहाजवाहतूक खात्याच्या) साइटवर स्वतः तपासा, काकांच्या ओळखीचा असला तरी.

दिवस कमी पडले तर मात्र रडत बसू नका. पुढच्या जहाजावर भरून निघतात, आणि नंतर कुणी विचारतही नाही.

साइन ऑफच्या दिवशी सीडीसीतल्या दोन्ही तारखा, कॅप्टनची सही आणि जहाजाचा शिक्का बघा. सी सर्व्हिसच्या पत्रात जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), टनेज आणि वॉचचे महिने आहेत ना, ते वाचा. खालून लाँचवाला बोंबलेल. बोंबलू दे.