एपिड्युरल घ्यायचे की नाही: कळा सुरू होण्याआधी करायचा विचार

एपिड्युरल म्हणजे प्रसूतीच्या कळांचे दुखणे कमी करण्यासाठी पाठीत बसवलेल्या बारीक नळीतून दिले जाणारे बधिरतेचे औषध. ते घ्यायचे का, हा प्रश्न बहुतेक वेळा अगदी नको त्या क्षणी समोर येतो. कळा तीन-तीन मिनिटांनी येत असतात, दोन कळांच्या मधली विश्रांती जेमतेम श्वास घेण्यापुरती उरलेली असते, आणि त्याच वेळी संमतिपत्र पुढे केले जाते. अशा अवस्थेत फायदे-तोटे शांतपणे ऐकून तोलणे कोणालाही जमत नाही. त्यामुळे हा विचार सातव्या-आठव्या महिन्यातच करून ठेवावा. मात्र त्यातून ‘हो’ किंवा ‘नाही’ असा एका शब्दाचा निकाल निघालाच पाहिजे, असा हट्ट धरू नये. प्रसूती कशी होईल हे आधी कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ‘अमुक घडले तर घेईन, तोवर इतर उपायांनी निभावेन’ असा सशर्त निर्णयच प्रत्यक्षात उपयोगी पडतो. त्या अटी ठरवण्यासाठी काय माहीत असायला हवे, ते पुढे सांगितले आहे.

प्रत्यक्षात काय करतात

तुम्हाला कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायला किंवा पलंगाच्या कडेला बसून पाठ बाहेरच्या बाजूला वाकवायला सांगतात. कंबरेवरची त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करून तिथे बधिरतेचे इंजेक्शन देतात आणि मग कमरेच्या दोन मणक्यांमधून एक विशेष सुई मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या पोकळीपर्यंत नेतात. त्या सुईतून एक बारीक, लवचीक नळी आत सरकवतात, सुई काढून घेतात आणि नळी पाठीवर चिकटवून ठेवतात. ‘पाठीत सुई राहते’ हा समज त्यामुळे चुकीचा आहे. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि सुई साधारणपणे त्याच्या खालच्या पातळीवर घालतात, हेही अनेकींना ऐकून हायसे वाटते.

नळी बसवायला साधारण वीस मिनिटे आणि औषधाचा गुण यायला आणखी वीस मिनिटे लागतात, असा हिशेब धरावा. ही चाळीस मिनिटे निर्णयात फार महत्त्वाची आहेत आणि नेमकी तीच विसरली जातात. सुई घालताना स्थिर राहावे लागते. कळ येते आहे असे वाटताच भूलतज्ज्ञांना सांगावे, ते थांबतात.

नळीतून देतात ते बधिरतेचे औषध बहुधा ब्युपिवाकेन किंवा रोपिवाकेन असते आणि त्यात फेंटानिलसारखे वेदनाशामक अगदी थोड्या प्रमाणात मिसळलेले असते. पूर्वी जास्त तीव्रतेचे औषध वापरत असत, त्यामुळे पाय लाकडासारखे होत आणि जोर लावायची जाणीवच उरत नसे. ‘माझ्या वेळी तर काहीच कळत नव्हते’ असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्या स्त्रिया खोटे बोलत नसतात, पण त्यांचा अनुभव बहुधा त्या जुन्या मात्रेचा असतो. आताच्या कमी मात्रेत कळेचे दुखणे जाते किंवा बरेच कमी होते, पण दाब आणि ताण जाणवत राहतो आणि बहुतेकींना पाय हलवता येतात. काही ठिकाणी बटण हातात देतात. ते दाबले की ठरलेली मात्रा जाते आणि त्यानंतर काही काळ यंत्र आणखी औषध सोडत नाही, त्यामुळे चुकून जास्त घेतले जाईल ही भीती नको.

कोणत्या गोष्टींची किंमत मोजावी लागते

एपिड्युरल लागल्यावर सलाइन, वारंवार रक्तदाब मोजणे आणि बाळाच्या ठोक्यांवर यंत्राने लक्ष ठेवणे, हे सगळे बरोबर येते. लघवीची जाणीव कमी झाल्यामुळे अनेकदा नळी घालून लघवी काढावी लागते. हिंडणे-फिरणे बहुतेक ठिकाणी थांबते. उभे राहून, वाकून, डुलत कळा घेणे ज्यांना मनापासून हवे आहे, त्यांच्यासाठी हा तोटा लहान नाही. काहींना अंगाला खाज येते, काहींना थंडी वाजते आणि काहींना ताप येतो. ताप आला की तो एपिड्युरलमुळे आहे की जंतुसंसर्गामुळे, हे लगेच सांगता येत नाही, त्यामुळे तपासण्या आणि कधी प्रतिजैविके वाढतात.

धोक्यांबद्दल ऐकीव गोष्टींपेक्षा आकडे बरे. ब्रिटनमधील प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने गर्भवतींसाठी दिलेल्या माहितीनुसार रक्तदाब लक्षणीय उतरण्याचे प्रमाण ५० पैकी १ आहे, आणि त्यावर सलाइन व औषधाने लगेच उपाय करता येतो. तीव्र डोकेदुखी १०० पैकी १ स्त्रीला होते. सुईने मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र पडले तर ती होते, बसल्यावर वाढते आणि आडवे झाल्यावर ओसरते. पायावर बधिर पट्टा राहणे किंवा पाय अशक्त वाटणे अशी तात्पुरती मज्जातंतूची इजा १,००० पैकी १ जणीला होते, तर सहा महिन्यांहून अधिक टिकणारी इजा १३,००० पैकी १ जणीला. अर्धांगवायूसह गंभीर इजेचे प्रमाण २,५०,००० पैकी १ आहे.

याच माहितीतला एक आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते निर्णयासाठी तोच सर्वांत कामाचा आहे. प्रसूतीसाठी घेतलेले एपिड्युरल दर ८ पैकी १ स्त्रीला पुरेसा आराम देत नाही आणि तिला दुसऱ्या उपायाची जोड घ्यावी लागते. कधी एकच बाजू बधिर होते, कधी ओटीपोटाचा एखादा भाग दुखतच राहतो. नळी थोडी मागे ओढून, कूस बदलून किंवा ती नव्याने बसवून हे अनेकदा सुधारते, पण त्यासाठी ‘अजून दुखते आहे’ हे स्पष्टपणे सांगावे लागते. ज्या स्त्रीने सगळा भरवसा एपिड्युरलवर टाकून इतर कशाचीच तयारी केलेली नसते, तिला हा प्रसंग फार जड जातो. म्हणून एपिड्युरल घेण्याचे पक्के ठरवलेल्या स्त्रीनेही श्वासाची लय, कूस बदलणे, पाठ चोळून घेणे आणि सोबत कोण असेल हे ठरवून ठेवणे, यांचा सराव सोडू नये.

सिझेरियन, चिमटा आणि पाठदुखी

एपिड्युरलमुळे सिझेरियन करावे लागते, हा समज सर्वांत खोलवर रुजलेला आहे. कॉक्रन या संस्थेने २०१८ साली ४० चाचण्यांचा, म्हणजे ११,००० हून अधिक स्त्रियांच्या अनुभवाचा आढावा घेतला, त्यात सिझेरियनचे प्रमाण एपिड्युरलमुळे वाढलेले आढळले नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या पाठदुखीतही फरक दिसला नाही. बाळंतपणानंतर अनेकींची पाठ दुखते, एपिड्युरल घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांचीही. सुईच्या जागी काही दिवस हुळहुळणे, एवढे मात्र खरे. चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने बाळ काढावे लागण्याचे प्रमाण एकंदरीत एपिड्युरल घेतलेल्या स्त्रियांत अधिक होते, पण २००५ नंतरच्या अभ्यासांचा वेगळा विचार केला असता तो फरक उरला नाही. औषधाची मात्रा कमी झाल्याचा हा परिणाम असावा, असे मानले जाते.

जोर लावण्याचा काळ एपिड्युरलमुळे लांबू शकतो, हे गृहीत धरून चालावे. या टप्प्यात कसे राहावे, याबद्दल ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि तो अपेक्षेच्या अगदी उलटा होता. पहिलटकरणींनी कमी मात्रेचे एपिड्युरल घेतलेले असताना सरळ बसून किंवा उभ्याने राहण्यापेक्षा कुशीवर झोपून राहिल्यास आपोआप, म्हणजे चिमटा, व्हॅक्यूम किंवा सिझेरियनशिवाय, प्रसूती होण्याचे प्रमाण अधिक होते: कुशीवरच्या गटात ४१.१ टक्के आणि सरळ राहिलेल्या गटात ३५.२ टक्के. म्हणजे ‘एपिड्युरल घेतले तर उताणे पडूनच राहावे लागणार’ असे समजून नाही म्हणायचे कारण नाही.

गर्भपिशवीचे तोंड अमुक सेंटीमीटर उघडेपर्यंत थांबा, असेही सांगितले जाते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कण्यातून वेदनाशमन लवकर दिल्याने सिझेरियन वाढत नाही, असे दिसले होते आणि आता स्त्रीची मागणी हेच पुरेसे कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत, वेदनाशमन मागणाऱ्या निरोगी गर्भवतीला एपिड्युरल देण्याची शिफारस केलेली आहे.

भूलतज्ज्ञांशी आधी बोलणे कोणाला अत्यावश्यक आहे

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, प्लेटलेट कमी असतील, पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कणा बराच वाकडा असेल, तर शेवटच्या क्षणी ‘देता येणार नाही’ असे ऐकावे लागू शकते. एनॉक्सापेरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शननंतर मात्रेनुसार बारा किंवा चोवीस तास जावे लागतात, त्यामुळे त्यांचे वेळापत्रक आधीच आखावे लागते. सुईच्या जागी संसर्ग असणे किंवा खूप रक्तस्राव झालेला असणे, हीसुद्धा न देण्याची कारणे आहेत.

याउलट काही जणींना डॉक्टर आपण होऊन एपिड्युरल सुचवतात. गरोदरपणात रक्तदाब वाढलेला असणे, जुळी बाळे असणे, काही हृदयविकार असणे किंवा पूर्ण भूल देताना श्वासनळीत नळी घालणे अवघड जाईल असे दिसणे, ही त्यामागची कारणे असतात. नळी आधीच बसवलेली असली तर अचानक सिझेरियनची वेळ आल्यास तिच्यातूनच जास्त तीव्रतेचे औषध देऊन बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करता येते आणि पूर्ण भूल टळते. अशा सूचनेला ‘वेदना सहन होत नाही म्हणून घेतले’ या मापाने मोजू नये. तसे पाहिले तर ते माप कोणालाच लावू नये. मूल होण्याच्या वेदनेत एक पुण्याई आहे, असे मानणाऱ्याने ती स्वतःपुरती मानावी.

आपल्या अटी कशा लिहून काढाव्यात

प्रथम तुम्ही जिथे प्रसूत होणार आहात तिथे विचारा: भूलतज्ज्ञ रात्रीही तिथेच असतात की बोलवावे लागतात, यायला किती वेळ लागतो, ते शस्त्रक्रियेत गुंतलेले असतील तर दुसरे कोणी आहे का, आणि एपिड्युरल लागल्यावर लक्ष ठेवायला अनुभवी परिचारिका असते का. यांची उत्तरे समाधानकारक नसतील तर तुमचा निर्णय कितीही पक्का असला तरी तो कागदावरच राहील. त्याच भेटीत वेदना कमी करणारे इतर उपाय, म्हणजे हुंगायचा नायट्रस ऑक्साइडचा वायू, पेथिडिनसारखी इंजेक्शने, कोमट पाण्यात बसण्याची सोय यांपैकी काय उपलब्ध आहे, तेही कळून घ्यावे.

मग स्वतःशी प्रामाणिकपणे बोलावे. तुम्हाला वेदनेची भीती अधिक वाटते की पलंगाला खिळण्याची? सुईची? शरीराचा ताबा सुटण्याची? उत्तराप्रमाणे अट बदलते. सुरुवातीपासून एपिड्युरल हवे असेल तर तेच लिहावे, त्याला कारण जोडावे लागत नाही. शक्यतो नको असेल तर कोणत्या प्रसंगी मन बदलेल ते लिहावे: औषध देऊन कळा सुरू कराव्या लागल्या तर, कारण त्या कळा अनेकींना अधिक तीव्र वाटतात, रात्रभर झोप न होता प्रसूती रेंगाळली आणि जोर लावायला त्राणच उरणार नाही असे दिसले तर, किंवा दोन कळांच्या मध्येही अंग सैल सोडता येईनासे झाले तर. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रसूती झपाट्याने होऊ शकते, तेव्हा त्या चाळीस मिनिटांचा हिशेब करून मागणी लवकर करावी, नाहीतर करूच नये.

एक अट सोबत येणाऱ्या व्यक्तीसाठीही असावी. गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याच्या थोडे आधी ‘आता मला जमणार नाही’ असे पुष्कळ जणी म्हणतात, एरवी ठाम असणाऱ्यासुद्धा. त्या क्षणी आधी तपासणी करून तोंड किती उघडले आहे ते पाहायला सांगावे. बाळ अर्ध्या तासात येणार असेल तर नळी बसवण्याऐवजी धीर देणारा हात अधिक उपयोगी ठरेल. पण अजून बरेच तास जाणार असतील आणि ती पुन्हा मागत असेल, तर ‘तूच नको म्हणाली होतीस’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. मन बदलण्याचा हक्क तिचाच आहे आणि हेही कागदावर लिहिलेले असावे, म्हणजे इतरांना वाद घालायला जागा उरत नाही.

एपिड्युरल घेतलेच तर प्रसूतीनंतर नळी काढून टाकतात आणि पाय काही तासांत पूर्ववत होतात. पहिल्यांदा उठताना एकटीने उठू नये. शेवटच्या मात्रेनंतर चार तासांनीही झोपल्या जागी पाय सरळ उचलता येत नसेल, तर भूलतज्ज्ञांना लगेच बोलावण्याचा आग्रह धरावा. घरी गेल्यावर बसताच वाढणारी डोकेदुखी, तापासह वाढत जाणारी पाठदुखी, पायांत नव्याने आलेला अशक्तपणा किंवा लघवी न होणे, यांपैकी काहीही जाणवले तर ते बाळंतपणाचा थकवा म्हणून अंगावर काढू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क साधावा.