आयबुप्रोफेन पॉलिमरला जोडायचंय? आधी वजनाचा हिशोब करा

एम.फार्मच्या प्रोजेक्टला पेनकिलरचा असर लांबवायचा विषय घेणारे दरवर्षी चार-पाच जण निघतातच, आणि जवळपास सगळे पहिल्या दिवशी पीईजीची (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, एक पॉलिमर म्हणजे लांब साखळीचा रेणू) बाटली उचलतात कारण ती लॅबमध्ये पडलेलीच असते. थांबा जरा.

आयबुप्रोफेनची हाफ-लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) जेमतेम २ तास, म्हणून गोळी दिवसातून तीन-तीनदा. एसआर (औषध हळूहळू सोडणाऱ्या) टॅबलेटमध्ये औषध पॉलिमरमध्ये नुसतं अडकवलेलं असतं, इथे मात्र ते खऱ्या रासायनिक बंधाने बांधायचंय, म्हणजे बंध तुटेपर्यंत औषध सुटणारच नाही. पॉलिमरचा कणा, त्यावर औषध आणि मधे तुटणारा दुवा, हे मॉडेल हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी १९७५ मध्येच मांडलंय.

आता हिशोब. पीईजी ६००० ला (मोलर मास साधारण ६०००) जोडायच्या जागा म्हणजे टोकं दोनच, म्हणजे आयबुप्रोफेनचे (मोलर मास २०६) दोनच रेणू बसणार, ४०० मिग्रॅ डोस द्यायचा तर ६ ग्रॅमच्या वर पावडर गिळायला लागेल! कोण गिळणार? डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजच्या साखळीचा पॉलिमर, त्यात प्रत्येक ग्लुकोज युनिटवर साधारण तीन हायड्रॉक्सिल (औषध जोडायच्या जागा) असतात, दर पाच युनिटमागे एक आयबुप्रोफेन बसवलं तरी तोच डोस २ ग्रॅमच्या आत येतो. तेही जास्तच, पण सॅशेत तरी मावेल. लोडिंग (पॉलिमरवर किती औषध बसलंय ते) वाढवत नेलं की पाण्यात विरघळेनासं होतं, तेव्हा हाव नको.

जोडायला सीडीआय (कार्बोनिलडायइमिडाझोल) वापरा. डीसीसी (डायसायक्लोहेक्झिलकार्बोडायइमाइड) पण चालतं म्हणतात, पण डेक्स्ट्रानसाठी सॉल्व्हंट डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड), आणि त्या जोडीत नको त्या साइड रिअ‍ॅक्शन होतात. १ ग्रॅम डेक्स्ट्रानला वरच्या हिशोबाने २५५ मिग्रॅ आयबुप्रोफेन लागतं, सगळं चिकटत नाही म्हणून दीडपट-दुप्पट घ्या. हे आयबुप्रोफेन कोरड्या (पाणी नसलेल्या) डीएमएसओत विरघळवून सीडीआय घाला, जवळपास मोलाला मोल, कारण उरलेलं सीडीआय डेक्स्ट्रानच्या साखळ्याच एकमेकींना जोडतं आणि मग फ्लास्कमध्ये जेली. कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे थांबले की डेक्स्ट्रानचं द्रावण घाला, रात्रभर ढवळत ठेवा. बुडबुडे आलेच नाहीत तर सीडीआय दमट होऊन मेलंय, फ्रिजमधली बाटली थंड असतानाच उघडली की हेच होतं. आणि ग्लोव्हज घाला हो, डीएमएसओ कातडीतून आत जातं आणि त्यात विरघळलेलं सोबत नेतं.

मग इथेनॉलमध्ये ओता, डेक्स्ट्रान खाली बसतं, न जोडलेलं आयबुप्रोफेन वर राहतं. धुवा, परत धुवा, टीएलसीवर (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी) सुट्या औषधाचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत धुवा. माझ्या पहिल्या बॅचचं लोडिंग इतकं भारी आलं होतं की मी घरी फोन करून सांगितलं, नंतर कळलं अर्धं औषध जोडलेलंच नव्हतं, नुसतं लटकलेलं होतं 😅 खरं लोडिंग काढायला वजन करून घेतलेलं सँपल सोडियम हायड्रॉक्साइडने फोडा, अ‍ॅसिडिक करा आणि सुटलेलं आयबुप्रोफेन एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजा. आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) एस्टरचा, म्हणजे औषध-डेक्स्ट्रानमधल्या बंधाचा, पीक १७४० सेमी⁻¹ च्या आसपास दिसला म्हणून खूश होऊ नका, त्यावरून किती जोडलंय ते कळत नाही.

रिलीज टेस्टमध्ये सगळ्यात जास्त लोक फसतात. पीएच १.२ ला (पोटातल्या अ‍ॅसिडसारखं) काहीच सुटलं नाही असं दिसतं, पण आयबुप्रोफेन मुळात अ‍ॅसिडमध्ये फारसं विरघळतच नाही, म्हणजे सुटलं तरी दिसणार नाही. म्हणून त्या सँपलचं मीडियम बदलून, आयबुप्रोफेन विरघळेल अशा द्रावणात मोजा. डायलिसिस बॅग (लहान रेणू बाहेर जाऊ देणारी, पॉलिमर आत अडवणारी पिशवी) वापरत असाल तर शेजारी दुसऱ्या बॅगेत साधं आयबुप्रोफेन आणि तिसरीत डेक्स्ट्रान-आयबुप्रोफेनचं नुसतं मिश्रण ठेवा, नाहीतर तुम्ही बॅगेचा वेग मोजताय की बंध तुटण्याचा ते सांगता येणार नाही, आणि एक्स्टर्नल परीक्षक हमखास हेच विचारतो.

अजून एक, डेक्स्ट्रानचा एस्टर पोटात आणि लहान आतड्यात फारसा तुटत नाही, साखळ्यांच्या गर्दीत एन्झाइमला शिरायला जागाच मिळत नाही, मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया डेक्स्ट्रान कापतात तेव्हा कुठे औषध सुटायला लागतं. म्हणजे असर लांबतो तसा सुरूही उशिरा होतो, डोकं आत्ता दुखत असेल तर याचा उपयोग शून्य. सकाळी उठल्यावर सांधे आखडतात अशांसाठी रात्री घ्यायचं औषध म्हणून मांडा, गाईडलाही पटेल. उंदराच्या सीकममधलं (मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग) मटेरियल वापरून टेस्ट करायची असेल तर अ‍ॅनिमल एथिक्सचा फॉर्म पहिल्याच महिन्यात टाका.