कुपोषित लेकराचं वजन वाढवताना या चुका टाळा

लेकरू किती कुपोषित आहे हे दंडाचा घेर मोजून बघतात. तो साडेअकरा सेंटिमीटरच्या खालून साडेबाराच्या वर गेला की घरातले सुटकेचा श्वास टाकतात. पुन्हा आजारी पडून परत येणारी लेकरं बहुतेक त्यानंतरच येतात. पोषण पुनर्वसन केंद्रात आहाराचं काम करताना मेळघाटातून, यवतमाळकडून आलेल्या घरांत त्याच त्या चुका पाहते. म्हणून हे लिहिते आहे.

वजन वाढलं म्हणजे लेकरू बरं झालं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी तिथे तयार होतात. उपासमारीत ही ग्रंथी आक्रसते. आतड्याचं अस्तर पातळ होतं, त्यातून जंतू रक्तात शिरतात. आहार सुरू झाला की मांस आधी भरतं, ही यंत्रणा मागून येते. बोलिव्हियात 1990च्या दशकात डॉक्टरांनी अशा मुलांची थायमस सोनोग्राफीने मोजली. वजन साधारण महिनाभरात सावरलं, पण ग्रंथी पूर्ववत व्हायला दोन महिने लागले.

आपल्याकडे नेमक्या याच काळात आई कापूस वेचायला जाते आणि लेकरू दिवसभर धुऱ्यावर, खोकणाऱ्या भावंडांच्या मधोमध बसलेलं असतं. घरी सोडताना मी आजीला समोर बसवून सांगते: दोन महिने बाजार नाही, जत्रा नाही, लग्न नाही. अंगणवाडीतलं अंडं-केळं त्याच लेकराच्या पोटात गेलं पाहिजे, चौघांत वाटायचं नाही. दर आठवड्याला वजन करायचं. रोजी बुडते हे मला कळतं, म्हणून आई नसताना लेकरू कोण सांभाळणार हे तिथंच ठरवून घेते. आणि मेडिकलमधून 'ताकदीचं' सिरप आणू नका. त्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

पहिल्याच दिवशी पोटभर

एक लेकरू आलं होतं, सहा किलोचं, पायांवर सूज. अंगठा दाबला की खड्डा पडायचा. त्याला एफ-75 हे उपचाराच्या पहिल्या टप्प्यातलं हलकं दूध दर दोन तासांनी 65 मिली ठरलं. एवढ्यानं चहाचा कपही भरत नाही. आजी म्हणाली, "एवढ्याशा दुधानं लेकरू कसं जगन वो बाई?" रात्री वॉर्डात सगळे झोपल्यावर तिनं घरून आणलेला तुपाचा शिरा भरवला. पहाटे पोट ढोलासारखं ताणलेलं, हगवण लागलेली, श्वास जोरात, मान टाकलेली.

होतं असं की उपाशी शरीरात पोटॅशियम, फॉस्फेट आधीच कमी असतं. एकदम साखर-पिठूळ आत गेलं की इन्शुलिन वाढतं, ते क्षार रक्तातून पेशींत ओढले जातात आणि हृदय अडखळतं. डॉक्टरांनी आहार पुन्हा खाली आणला, क्षार भरले, आणि लेकरू वाचलं. त्या आजीचा मला राग आला नाही. तिला 'का' हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. राग येतो तो नव्यानं कामाला लागलेल्यांचा. वजनाचा तक्ता लवकर वर जावा म्हणून ते तिसऱ्याच दिवशी एफ-100, म्हणजे पुढच्या टप्प्यातलं जास्त ताकदीचं दूध, सुरू करायला बघतात. भूक परत आली का? सूज उतरतेय का? हे आधी बघा, मग वाढवा. सूज उतरताना वजन थोडं घटतंच. ते पाहून घाबरायचं नाही, आहारही बदलायचा नाही.

पाजताना मी वाटी-चमचाच वापरते. बाटली वॉर्डात दिसली की काढून घेते, कारण ती नीट धुतलीच जात नाही. रात्रीचं पाजणं चुकवायचं नाही. पहाटे रक्तातली साखर उतरते आणि अंग गार पडतं.

ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही

असं नसतं. तीव्र कुपोषणात शरीराला ताप आणायचीही ताकद नसते. हातपाय गार, लेकरू निपचित, दूध नको म्हणतं, ही लक्षणं तापाइतकीच गंभीर धरा. डॉक्टरांनी लिहिलेलं प्रतिजैविक दोन दिवसांत "बरं वाटलं" म्हणून बंद करू नका.

लगेच लोहाचं टॉनिक

पहिल्या टप्प्यात नाही. लोह धरून ठेवणारी प्रथिनं रक्तात कमी असतात, मोकळं लोह जंतूंच्या कामी येतं. भूक लागून वजन वाढू लागलं की डॉक्टर सांगतील तेव्हा. उपचाराच्या दुधात आणि उपचारासाठीच्या तयार आहाराच्या पाकिटात झिंक असतंच, वरून वेगळं देऊ नका.

अशक्त आहे म्हणून लस पुढे ढकलणं

कुपोषण हे गोवर-रुबेलाची लस टाळायचं कारण नाही. 9 महिने झाले असतील आणि डोस राहिला असेल तर घरी सोडण्याआधीच द्यायला लावते. कार्डावर तारीख लिहिलेली पाहिल्याशिवाय मी सुटीचा कागद पुढे सरकवत नाही.