जुलैत केलेलं लाकडी पेन एप्रिलमध्ये का तडकतं? या चुका टाळा

मामांच्या निवृत्तीला मी आबनुसाचं पेन कातून दिलं होतं. ऐन जुलैत. एप्रिलमध्ये ते सांगलीला आले, खिशातून पेन काढलं आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवलं. क्लिपच्या खालपासून मधल्या कडीपर्यंत केसाएवढी चीर. नख फिरवलं की अडकत होतं.

चूक एकच, लाकूड ओलं होतं. बाहेरून येणाऱ्या ठोकळ्यांवर बऱ्याचदा मेण असतं आणि आत ओल तशीच असते. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं राहतं, मार्चनंतर पारा चाळिशीकडे गेला की आकसतं. लाकडाच्या आत चिकटवलेली पितळी नळी काही आकसत नाही, मग लाकूड फाटतं.

म्हणून ठोकळा आणला की बाजूंचं मेण खरवडा, टोकांचं राहू द्या. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घ्या आणि दर पंधरा दिवसांनी वजन करून पेन्सिलीने लाकडावरच लिहा. वजन दोन-तीनदा तेच आलं, की मगच भोक पाडा. शेजारी मिरजेत सतारीचे भोपळे महिनोन्‌महिने वाळवतात. पेनाच्या लाकडालाही वेळ द्यायलाच हवा.

दुसरा शत्रू उष्णता. ७ मिमीचं भोक एका दमात पाडू नका. थोडं आत गेलं की ड्रिल बाहेर काढा, भुसा झाडा, गार होऊ द्या. पॉलिशपेपर मारताना बोटाला चटका जाणवला, तर लाकडालाही तो बसलाय असं समजा. आबनूस आणि कोकोबोलो ही लाकडं या बाबतीत फार नाजूक.

कोकोबोलो तेलकट असतं. त्यात नळी चिकटल्यासारखी वाटते आणि काही महिन्यांनी सुटते. भोक आतून अ‍ॅसिटोनने पुसा, नळी खरखरीत करा आणि लगेच अ‍ॅरल्डाइट लावा. सुपरग्लूने नळी अर्ध्यातच पकडली, की ना आत जाते ना बाहेर येते. या लाकडाच्या भुशाने अंगावर पुरळही उठतं, त्यामुळे मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

मँड्रेल म्हणजे लेथवर पेनाचं लाकूड ज्यात ओवतात तो दांडा. त्याचा नट हातानेच आवळा. जास्त आवळला तर दांडा वाकतो आणि पेन लंबगोल होतं. पडाऊकच्या लालसर लाकडाला फिकट मेपलचा जोड दिला असेल, तर लाल भुसा ब्रशने झाडा. स्पिरिटच्या फडक्याने पुसलात तर मेपल गुलाबी होतं.

गिऱ्हाइकाला रंगाबद्दल आधीच सांगा. पर्पलहार्टचा जांभळा आणि पडाऊकचा लालकेशरी रंग उजेडात हळूहळू तपकिरीकडे झुकतो. पॉलिशने हे लांबतं, थांबत नाही.

मामांच्या नव्या पेनाचा ठोकळा सध्या कपाटात आहे. त्यावर पेन्सिलीचे आकडे आहेत: ५१, ४९, ४८, ४८. अजून एक वजन बाकी आहे.