अ‍ॅक्सेस की फुटली तर पहिला तास

अ‍ॅक्सेस की (प्रोग्रामला क्लाउड खात्यात शिरू देणारी गुप्त किल्ली) चुकून सार्वजनिक गिट रिपॉझिटरीत (कोड ठेवायच्या जागेत) गेली, की आधी हात जातो कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) पुसायला. त्यात वेळ घालवू नका. की इतिहासात राहतेच, आणि अशा रिपॉझिटरी चाळत बसलेले बॉट ती उचलून मोकळे होतात. एडब्ल्यूएस या अमेझॉनच्या क्लाउडच्या आयएएममध्ये (यूजर आणि परवानग्या सांभाळणाऱ्या भागात) जाऊन की निष्क्रिय करा. डिलीट नंतर करा, कारण ती शेवटची कुठे वापरली गेली, ही नोंद शोधाला लागते.

नागपूरच्या मिहानमधली मोठी टीम असो की परसोडीच्या आयटी पार्कातली चौघांची, कामं वाटून घ्या: एक जण निर्णय घेईल, एकच जण कन्सोलला (एडब्ल्यूएसच्या नियंत्रण पानाला) हात लावेल, एक जण वेळेसकट सगळं लिहून ठेवेल. दोघांनी एकदम पॉलिसी (परवानग्यांचे नियम) बदलल्या, तर चोराने काय बदललं नि आपण काय, हे कळत नाही.

की बंद झाली म्हणजे दार बंद झालं, असं मात्र नाही. तिच्यावर आधीच काढलेले तात्पुरते टोकन (ठरावीक वेळेचे प्रवेशपास) मुदतीपर्यंत चालतात, कधी ३६ तासांपर्यंत. म्हणून ती की ज्या यूजरची, त्याला सगळं नाकारणारी पॉलिसी लावा आणि त्याने घेतलेल्या रोलची (तात्पुरत्या वापरायच्या परवानग्यांच्या संचाची) चालू सेशन रद्द करा.

मग क्लाउडट्रेलमध्ये (खात्यात कोणी काय केलं याच्या नोंदवहीत) कीच्या आयडीवरून शोधा. नोंदीतली वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते: नागपुरात पहाटेचे २:१० म्हणजे तिथे आदल्या तारखेचे २०:४०. इथेच तारीख हमखास चुकते. दुसरी चूक म्हणजे फक्त मुंबई रीजन (एडब्ल्यूएसच्या सर्व्हरचा भौगोलिक विभाग) पाहणं. नवा यूजर किंवा नवी की बनवल्याची नोंद उत्तर व्हर्जिनियाच्या रीजनमध्ये दिसते, आणि महागडे सर्व्हर तर तुम्ही कधी न उघडलेल्या रीजनमध्ये उभे केलेले सापडतात.

असा सर्व्हर सापडला तर आधी डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या. सिक्युरिटी ग्रुप (सर्व्हरचे ये-जा नियम) बदलला तरी आधीपासून चालू असलेलं कनेक्शन टिकू शकतं. ते तोडायला नेटवर्क एसीएल (पूर्ण सबनेटला, म्हणजे नेटवर्कच्या भागाला लागणारे ये-जा नियम) वापरा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं आणि १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. क्लाउडट्रेलचा आपोआप मिळणारा इतिहास ९० दिवसांचाच, त्यातही एस-थ्रीमधली (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीतली) कुठली फाइल वाचली गेली हे नसतं. म्हणून सर्व रीजनचा ट्रेल (जपून ठेवायची नोंद), डेटा इव्हेंटसह (फाइल वाचल्या-लिहिल्याच्या नोंदींसह), आजच वेगळ्या अकाउंटच्या बकेटमध्ये (एस-थ्रीतल्या साठवणीच्या जागेत) सुरू करा.