उसळ शिजत नाही, मोडांना वास येतो, पोट फुगतं? कडधान्यांच्या बाबतीत या चुका टाळा

आहारतज्ज्ञांकडे वजनासाठी जा, साखरेसाठी जा किंवा कोठा साफ होत नाही म्हणून जा, परत येताना हातातल्या कागदावर एक ओळ ठरलेली असते: कडधान्यं वाढवा. आठवडाभर उत्साह टिकतो. मग एका रविवारी छोले सहा शिट्ट्यांनंतरही दाताखाली कटकटतात, मटकीच्या पुरचुंडीला आंबूस वास येतो, जेवणानंतर सासरेबुवा पोट धरून सोफ्यावर बसतात आणि डबे पुन्हा मागच्या फळीवर जातात. "आपल्याला कडधान्यं सोसत नाहीत" असा निकाल लागतो. माझ्या मते या खटल्यात आरोपी चुकीचा पकडलाय. बहुतेक वेळा गुन्हा डब्याचा, पाण्याचा नाहीतर घाईचा असतो.

न शिजणारा दाणा

सगळ्यात जास्त तक्रार हीच, म्हणून इथे जरा थांबू.

आधी दाण्याचं वय बघा. कडधान्य खराब होत नाही म्हणून आपण वर्षाचं भरतो आणि विसरतो. उष्ण, दमट हवेत पडून राहिलेला दाणा आतून असा घट्ट होत जातो की नंतर कितीही उकळलं तरी मऊ पडत नाही. मुंबई-कोकणातला एक पावसाळा त्याला पुरतो. वाटीत दोन-चार गणंग निघणं वेगळं आणि अख्खी वाटीच गणंग निघणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात गॅस जाळू नका. ते दाणे पुढच्या भाजणीत घालून दळून आणा. आणि नवं आणलेलं कडधान्य जुन्यावर ओतायची सवय सोडा. अर्धे दाणे शिजून पीठ झालेले आणि अर्धे टणक, अशी उसळ बहुधा याच सवयीतून जन्माला येते.

डब्यातला दाणा नवा असेल तर पाण्याकडे वळा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालातल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट धरून ठेवतं, मग साल सैल होत नाही. आमच्या सोसायटीत टँकर बंद होऊन बोअर सुरू झाली की छोले शिजायला दुप्पट वेळ लागतो, हे मला घड्याळावरून कळतं. भिजवायला आणि शिजवायला क्षार काढणाऱ्या आरओ फिल्टरचं पाणी घेतलं की प्रश्न सुटतो. ते नसेल तर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा चालेल, पण चिमूटभरच. चमचाभर घातलात तर साबणासारखी चव येते आणि 'ब-१' जीवनसत्त्वाचंही नुकसान होतं.

तिसरी चूक अनुभवी हातांकडूनही होते: आंबट आधी घालणं. "सगळं एकजीव होऊ दे" म्हणून टोमॅटो, चिंच किंवा आमसूल कच्च्या दाण्यांसोबतच कुकरमध्ये जातं. आंबटात पेक्टिन विरघळत नाही, त्यामुळे दाणा तसाच राहतो. गूळही शिजणं लांबवतो. म्हणून दाणा बोटात चेपला जाईपर्यंत चिंच-गुळाचा हात आवरा. याच गुणाचा नंतर फायदा होतो: पूर्ण शिजलेल्या छोल्यांत आंबट पडलं की ते दुसऱ्या दिवशी गरम करतानाही फुटून लगदा होत नाहीत.

मिठाला मात्र उगाच बदनाम केलंय. "मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही" हे मीही वर्षानुवर्षं मानत होते. प्रत्यक्षात उलट आहे. लिटरभर पाण्यात टेबलचमचाभर मीठ घालून छोले किंवा राजमा भिजवा. मिठातलं सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते आणि दाणा आतपर्यंत चवीचा होतो. फक्त मोड आणायचे असतील तर भिजवताना मीठ नको.

आणि शिट्ट्या मोजणं सोडा. मोठ्या आचेवर पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतात, त्यात छोले काय शिजणार? पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची, भिजलेल्या छोल्यांना २० मिनिटं द्यायची आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. मोडाची मटकी तर कुकरमध्ये घालूच नये. वर ताटात पाणी ठेवून मंद आचेवर १०-१५ मिनिटांत शिजते आणि मोडही शाबूत राहतात.

राजम्याची गोष्ट वेगळी

इथली चूक चवीपुरती राहत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक बाधणारं प्रथिन, असतं. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. गंमत अशी की अर्धवट गरम झालेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात खळाखळा उकळा. आपला कुकर हे काम चोख करतो. धोका आहे तो स्लो कुकरचा. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी सकाळी भिजलेला राजमा थेट त्यात टाकून ऑफिसला जातात. कमी आचेवर आतलं तापमान पुरेसं चढेलच असं नाही. आधी गॅसवर अर्धा तास उकळून मगच त्यात घाला. साताऱ्याच्या कोरेगावचा, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडाही राजम्याच्याच जातीचा, तेव्हा त्यालाही हाच नियम. मोड आणून कच्चा खायचा प्रयोग याच्यावर नको.

मोडांचं काय चुकतं

वास आणि चिकटपणा आला तर पाणी नीट उपसलेलं नसतं. भिजलेली मटकी चाळणीत पूर्ण निथळा, फडकं घट्ट पिळून मगच बांधा आणि उन्हाळ्यात दिवसातून दोनदा धुऊन पुन्हा बांधा. थंडीत मोड येत नसतील तर पुरचुंडी डब्यात घालून डबा जुन्या शालीत गुंडाळा, किंवा बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा. एवढं करूनही दाणा ढिम्म असेल तर तो जुना आहे. वालांना मोड आले की कोमट पाण्यात टाका, सालं सरसर निघतात. डाळिंब्या सोलण्यात दुपार घालवणाऱ्यांनी एकदा करून बघाच.

मोबाईलवर फिरणारा एक दावा आहे: मोड आणले की प्रथिनं दुप्पट होतात. होत नाहीत. 'क' जीवनसत्त्व वाढतं आणि खनिजं अडवून धरणारं फायटेट कमी झाल्यामुळे लोह, जस्त जास्त अंगी लागतं, हे खरं. पण पाणी शोषल्यामुळे १०० ग्रॅम मोडांत प्रथिनं कोरड्या मुगापेक्षा बरीच कमीच भरतात.

मोड कच्चे खाण्याबद्दलही जपून. ज्या उबेत मोड येतात, त्याच उबेत जंतूही वाढतात. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली आणि ५० हून अधिक माणसं दगावली. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर माणसं यांना मोड वाफवूनच द्या.

पोट फुगणं

कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या पचवणारं विकर आपल्या आतड्यात नसतं, म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. वायू त्यांचा. चूक अशी की वर्षभर वरण-भातावर असलेला माणूस सोमवारपासून रोज मोठी वाटी छोले खायला लागतो. पाव वाटीपासून सुरू करा. मूग, मसूर आधी, छोले-राजमा नंतर. भिजवलेलं पाणी "त्यात सत्त्व असतं" म्हणून वापरू नका, फेका. त्या साखरांपैकी काही त्याच्यासोबत जातात. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं पोट रुळतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

वाटीत नेमकं काय पडतं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या २००० किलोकॅलरीच्या ताटात डाळी-कडधान्यांचा वाटा रोज ८५ ग्रॅम आहे, कच्च्या वजनात. अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांचं तेही त्यातच धरलंय. चार प्रौढ शाकाहारी माणसांच्या घराला महिन्याचे १० किलो झाले. किराणा यादीशी ताडून बघा. आपल्याकडे उसळ म्हणजे भांडंभर रस्सा आणि तळाला दाणे. मिसळीत तर फरसाण बाजूला सारल्यावर मटकी शोधावी लागते. मिसळ मला प्रिय आहे, पण तिला कडधान्यांच्या हिशोबात धरू नका.

पाकिटावरचा आकडाही फसवतो. १०० ग्रॅमला २०-२५ ग्रॅम प्रथिनं हे कोरड्या दाण्याचं माप. शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये सात ते नऊच. सोबत भाकरी असू द्या, धान्यात लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी पडतो, तो कडधान्य भरून काढतं. वरून लिंबू पिळलं तर लोह चांगलं शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतलात तर तेच लोह वाया जातं.

रात्री भिजत घालायला विसरलात?

याच एका कारणाने किती घरांत बटाट्याची भाजी होते! छोले असतील तर दोन मिनिटं खळाखळा उकळा, झाकून तासभर ठेवा, ते पाणी टाका आणि कुकर लावा. एरवी आठवड्याला एकदाच अर्धा किलो शिजवून एकेका जेवणापुरते डबे फ्रीझरमध्ये टाकावेत. तेही नसतील तर अख्खा मसूर काढा. त्याला भिजवायची गरज नाही, साध्या पातेल्यात अर्ध्या तासात शिजतो. इस्लामपूरकडच्या धाब्यांवर लोक खास तो खायला गाडी थांबवतात. लसूण सढळ हाताने घाला, टोमॅटो शेवटी.