विकतचा क्रोशे पॅटर्न माणसाने लिहिला आहे की यंत्राने, हे विणायला बसण्यापूर्वी कसे तपासावे

मागच्या श्रावणात भाचीच्या मुलाच्या बारशासाठी क्रोशाचा हत्ती विणायचे ठरवून मी एका संकेतस्थळावरून त्याचा पॅटर्न, म्हणजे विणण्याची फेरीवार लिहिलेली कृती, विकत घेतला. चित्रातला हत्ती फार गोड होता. प्रत्यक्षात पाचव्या फेरीपासून टाके जुळेनासे झाले. माझेच मोजणे चुकत असेल असे समजून मी हत्तीचे डोके तीनदा उसवले आणि चौथ्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा कळले की चूक पॅटर्नमध्येच होती आणि तो कोणी कधी विणूनच पाहिलेला नव्हता. माझ्या हातात सुई येऊन तीस वर्षे झाली, म्हणून मी मोजायला तरी बसले. ज्या मुलीने गेल्या महिन्यात साखळी घालायला शिकून घेतले आहे, ती मात्र स्वतःच्याच हातांना दोष देते आणि सुई कायमची ठेवून देते. या प्रकाराचा मला सर्वांत जास्त राग येतो तो याच कारणाने, आणि हा लेखही मुख्यतः तिच्यासाठी आहे.

चॅटजीपीटी हे मजकूर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन 30 नोव्हेंबर 2022 रोजी लोकांसमोर आले आणि तेव्हापासून हवा तो मजकूर क्षणात तयार करून घेणे कोणालाही शक्य झाले. अशी साधने कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत वाक्ये रचतात. त्यामुळे त्यांचा पॅटर्न दिसायला अगदी पॅटर्नसारखा असतो, पण त्यातली फेरी कोणाच्या सुईवरून उतरलेली नसते.

सुरुवात चित्रापासून करावी. चित्र मोबाइलवर जितके मोठे करता येईल तितके करून टाके पाहावेत. भरीव खेळण्यांत, म्हणजे अमिगुरुमीत, मुका खांब, म्हणजे क्रोशाचा आखूड साधा टाका (अमेरिकी पद्धतीतला ‘सिंगल क्रोशे’), गोल-गोल विणत जातात आणि प्रत्येक टाका लहान इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो, हे ‘व्ही’ फेरीगणिक किंचित एका बाजूला सरकत जातात. दोन सुयांच्या विणकामात मात्र ते एकावर एक सरळ रांगेत बसतात. यंत्राने काढलेल्या चित्रात या दोन्हींची सरमिसळ आढळते. पोटावर सुयांचे विणकाम, सोंडेवर वेणी, कानावर नुसतीच लव, असे पुष्कळदा दिसते. रंग बदलतो तिथे दोऱ्याचा जोड नसतो, आणि पाय धडाला जिथे शिवला असेल ती जागा धूसर असते. त्याच खेळण्याची मागची बाजू, तळ आणि अर्धवट विणलेला एखादा भाग दाखवणारी छायाचित्रे आहेत का, हेही पाहावे. खरोखर विणणाऱ्या बाईकडे अशी छायाचित्रे बहुधा असतातच.

यानंतरची तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानते, कारण चित्र उद्या आणखी सफाईदार होईल, पण टाक्यांचे गणित कोणालाही चुकवता येत नाही. प्रत्येक फेरीला दोन प्रश्न विचारायचे. ही फेरी मागच्या फेरीतले किती टाके वापरते आणि विणून झाल्यावर किती टाके उरतात? माझ्या हत्तीच्या पॅटर्नमध्ये चौथ्या फेरीअखेर 24 टाके होते आणि पाचवी फेरी अशी लिहिली होती: (3 मुके खांब, 1 वाढ) × 6 = 28. वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके. म्हणजे कंसातली कृती मागचे 4 टाके वापरते आणि नवे 5 देते. ती सहा वेळा केली की 24 टाके वापरले जातात, इथपर्यंत बरोबर आहे. पण हाती 30 टाके यायला हवेत, 28 नव्हेत. सहाव्या फेरीत त्या 28 टाक्यांवर (5 मुके खांब, 1 वाढ) × 6 सांगितले होते, ज्याला 36 टाके लागतात. म्हणजे पॅटर्न स्वतःच लिहिलेल्या आकड्याशीही प्रामाणिक राहिला नव्हता.

सोबत एक आडाखा लक्षात ठेवावा. मुक्या खांबांचे सपाट वर्तुळ साधारणपणे 6 टाक्यांनी सुरू होते आणि दर फेरीला 6 टाके वाढतात: 6, 12, 18, 24, 30, 36. मुक्या खांबाहून उंच अशा खांबाचे (अमेरिकी पद्धतीतल्या ‘डबल क्रोशे’चे) वर्तुळ असेल तर हीच वाढ 12-12 ने होते. चेंडू करायचा तर 36 पर्यंत वाढवून काही फेऱ्या वाढ-घट (घट म्हणजे दोन टाक्यांचा एक टाका) न करता विणायच्या आणि मग त्याच क्रमाने 30, 24, 18 असे उतरत यायचे. ज्या पॅटर्नमध्ये ‘गोल डोके’ म्हटले आहे पण घट कुठेच नाही, तिथे डोके नव्हे, वाटी तयार होईल. विकत घेण्यापूर्वी पूर्ण पीडीएफ पाहायला मिळत नाही हे खरे, पण नमुन्यादाखल एखादे पान दाखवलेले असते. तेवढ्यावरही ही बेरीज करता येते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. माणसाकडूनही आकडा चुकतो, आणि नव्याने पॅटर्न लिहिणाऱ्या मुलीला एका चुकीवरून खोटी ठरवणे मला मान्य नाही. फरक असा की माणसाची चूक बहुधा एका जागी असते, पुढच्या फेऱ्या पुन्हा बरोबर आकड्यावर येतात, कारण तिच्यासमोर विणलेली वस्तू असते. यंत्राच्या पॅटर्नमध्ये मात्र चूक पुष्कळदा पुढच्या फेऱ्यांतही चालू राहते.

साहित्याची यादी झटकन तपासता येते. सुईचा क्रमांक मिमीमध्ये, लोकरीची जाडी, वजन आणि तयार खेळण्याची उंची या चारही गोष्टी एकमेकींशी जुळायला हव्यात. तळहाताएवढ्या हत्तीला अर्धा किलो लोकर लागत नाही. संज्ञाही पाहाव्यात. अमेरिकी पद्धतीतला ‘सिंगल क्रोशे’ ब्रिटिश पद्धतीत ‘डबल क्रोशे’ असतो, म्हणून जाणती लेखिका कोणती पद्धत वापरली आहे ते सुरुवातीलाच सांगते आणि शेवटपर्यंत तीच पाळते.

शंका उरलीच तर विक्रेत्याला असा प्रश्न विचारावा ज्याचे उत्तर विणणाऱ्यालाच देता येईल. मी विचारले होते, ‘कान डोक्याच्या कोणत्या फेरीवर शिवले आहेत आणि दोन कानांमध्ये किती टाके सोडले आहेत?’ काही सेकंदांत उत्तर आले. त्यात माझ्या प्रश्नाचे कौतुक होते, विणकामाच्या आवडीबद्दल शुभेच्छा होत्या, ‘कान आपल्या पसंतीनुसार सुबकपणे जोडावेत’ असा सल्ला होता. आकडा एकही नव्हता. खालचे अभिप्रायही याच सुरातले होते. ‘अप्रतिम, सूचना अतिशय स्पष्ट’ हे वाक्य कोणत्याही वस्तूखाली चालते. विणून पाहिलेली बाई लिहिते की सोंडेत फायबर भरताना पेन्सिल वापरावी लागली, किंवा अमुक फेरीत जरा अडखळायला झाले.

पैसे गेलेच असतील तर पॅटर्न, पावती, चित्र आणि विक्रेत्याशी झालेला संवाद यांचे स्क्रीनशॉट लगेच जपून ठेवावेत, कारण अशी दुकाने रातोरात बंद होतात. चुकलेल्या फेऱ्या आकड्यांनिशी लिहून आधी विक्रेत्याकडे आणि मग संकेतस्थळाकडे परतावा मागावा. ‘पॅटर्न वाईट आहे’ यापेक्षा ‘पाचव्या फेरीत 30 ऐवजी 28 लिहिले आहेत’ ही तक्रार टाळणे अवघड जाते. संकेतस्थळ दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. आणि ज्या बाईचा पॅटर्न बरोबर उतरला, तिच्यासाठी पाच मिनिटे काढून सविस्तर अभिप्राय लिहावा: कोणती लोकर, कोणती सुई, किती तास लागले. बनावट कौतुकाच्या ढिगाऱ्यात तिचे काम ओळखू येण्याचा तोच मार्ग आहे.

अर्धवट विणलेले टाकून देऊ नये. हलक्या हाताने उसवत लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधावी, कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून पिळ न देता सावलीत टांगावी. वळ्या पुष्कळशा निघून जातात. माझ्या हत्तीची राखाडी लोकर अशीच सरळ झाली, आणि 6, 12, 18 असे स्वतः मोजत लिहिलेल्या फेऱ्यांवर त्याच लोकरीचा हत्ती बारशाच्या आदल्या रात्री पुरा झाला.